कुलूप लावलेला ग्रुप : नाशिकच्या एका लडाख सहलीचं प्रकरण

लेहला पोहोचल्याच्या पहिल्याच संध्याकाळी, साडेपाच वाजता, मी हॉटेलच्या जेवणघरात चहाला आलेली माणसं मोजत होते. २८ पैकी २०. उरलेले झोपले असतील असं धरलं, कारण सकाळी विमानतळावरून येतानाच गाडीत सांगितलं होतं : आज आणि उद्या फक्त पडून राहायचं, पाणी प्यायचं, फिरायचं नाही. तेवढ्यात नाशिक रोडच्या काकू जिना उतरून आल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे अजून आले नाहीत हो. स्तूप बघायला गेलेत ना सगळे?"

सगळे म्हणजे कोण, कधी गेले, कशाने गेले, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. टूर लीडर मी, सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिनही मीच, आणि सहा माणसं माझ्या नकळत लेहच्या टेकडीवरच्या शांतिस्तूपाकडे गेली होती. हे जाणं एका दुसऱ्याच ग्रुपवर ठरलं होतं. त्या ग्रुपात मी नव्हते, आणि तो निघाला होता मीच पाच आठवड्यांपूर्वी घेतलेल्या एका निर्णयामुळे. या धंद्यातली मंडळी एकमेकांना जो सल्ला डोळे झाकून देतात, नेमका तोच मी पाळला होता. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढते आहे.

ग्रुप जमला तेव्हा

सहल २०२३ च्या जूनमधली. बुकिंग नाशिकच्या एका छोट्या कार्यालयाचं, मी त्यांच्यासाठी सहलीमागे काम करते. नाशिकला सामुदायिक सहल काही नवी नाही. आचारी, शेगड्या आणि धान्याची पोती बरोबर घेऊन निघणाऱ्या यात्रा कंपन्यांच्या बसमधून आपल्या आज्या-आजोबांनी काशी-रामेश्वर केलं आहे. तेव्हा ओळखी व्हायच्या त्या बसमध्ये, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, डबा उघडल्यावर. आता त्या निघण्याआधी दीड महिना फोनवर होतात. हा फरक मोठा आहे. माणसं गाडीत चढतात तेव्हा त्यांचं एकमेकांबद्दल आणि आपल्याबद्दलही मत होऊन गेलेलं असतं.

निघायला सहा आठवडे असताना मी 'जुले नाशिक' नावाचा ग्रुप केला. जुले म्हणजे लडाखीतला रामराम. नोटप्रेसमधून निवृत्त झालेली नाशिक रोडची तीन जोडपी, पंचवटीच्या दोन बहिणी, पाथर्डी फाट्याचं तिशीतलं एक जोडपं, सिडकोचे एक दादा आणि त्यांचं कुटुंब, कॉलेज रोडची मंडळी, आणि इंदिरानगरच्या एक काकू. यजमान गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच एकट्या निघाल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी या काकूंनी लिहिलं, "मी एकटीच आहे. खोलीत सोबतीला कोण असेल?" मी यादी उघडून बघत होते, तोवर पंचवटीच्या थोरल्या मावशींचं उत्तर आलंसुद्धा : "मी येते तुमच्या खोलीत. माझी बहीण घोरते, तिला एकटीला झोपू दे." त्यावर धाकटीने लगेच खुलासा केला, की घोरते ती थोरलीच. त्या दिवशी ग्रुपात पन्नासेक मेसेज पडले, आणि संध्याकाळी इंदिरानगरच्या काकूंनी मला वेगळा फोन करून सांगितलं, की बुकिंग रद्द करायचं मनात होतं, आता येते. एकट्या बाईला घराबाहेर काढायचं काम माझ्या दहा फोनांनी झालं नसतं. ते त्या दोन बहिणींनी अकरा मिनिटांत केलं.

एक चूक तेव्हाच झाली होती, तीही सांगून ठेवते. तिकिटांसाठी मी आधार कार्ड मागितलं, आणि सात जणांनी त्याचे फोटो थेट ग्रुपवर टाकले. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो, तसे मी ते काढले. पण फोटो आपोआप उतरवून घेणाऱ्या फोनांमध्ये ते आधीच जाऊन बसले होते. हल्ली मी ज्यांना शक्य आहे त्यांच्याकडून शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार घेते, आणि तेही फक्त माझ्या नंबरवर.

मंगळवारची रात्र

आठवडाभराने, मंगळवारी रात्री नवाच्या सुमारास, सिडकोच्या दादांनी लिहिलं, "सहज विचारतो, आपल्या सगळ्यांना माणशी किती पडले?"

दोघांनी आकडे टाकले. माणशी ४,२०० रुपयांचा फरक निघाला. पुढच्या तासाभरात नव्वदच्या वर मेसेज झाले. कोणी म्हणालं ओळखीच्यांना सूट दिली, कोणी म्हणालं नाशिक रोडवाल्यांना स्वस्त पडलं, कोणी पावतीचे फोटो टाकायला लागलं. दादांचं विचारणं सरळ होतं. घरची चार माणसं, म्हणजे जवळपास सतरा हजारांचा प्रश्न. मी त्यांच्या जागी असते तर मीही विचारलं असतं.

आणि उत्तर माझ्याकडे होतं. नाशिक रोडहून दिल्लीपर्यंत आम्ही राजधानीने जाणार होतो. राजधानी, दुरांतो आणि शताब्दी या गाड्यांना सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी भाडं लागू आहे. दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी चढतं, आणि वर एक मर्यादा असते. जो लवकर काढतो त्याला स्वस्त, उशिरा येणाऱ्याला महाग. दिल्ली–लेह विमानाचं तर विचारूच नका, जूनचं तिकीट फेब्रुवारीत काढलं तर एक आणि एप्रिलच्या शेवटी काढलं तर भलतंच. नाशिक रोडच्या जोडप्यांनी आधी पैसे भरले होते, त्यांची तिकिटं आधी निघाली होती. फरक तेवढाच. तारखा आणि भाडी यांचा एक तक्ता टाकला असता तर त्याच रात्री निम्मी माणसं शांत झाली असती.

मी तो टाकला नाही. कार्यालयाच्या मालकांचा फोन आला, "ताई, आधी ते बंद करा." एका जुन्या सहकाऱ्याने आणखी भीती घातली, ग्रुपात काही वावगं पडलं तर ॲडमिनवर केस होते म्हणून. ही भीती सोसायट्यांपासून शाळांच्या ग्रुपांपर्यंत सगळीकडे आहे, आणि ती बहुतांशी निराधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलं आहे, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू किंवा आधी आखलेला बेत दिसावा लागतो. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. रात्री १०.१२ ला मी सेटिंग बदललं : फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील.

ग्रुप एकदम गप्प झाला, आणि मला बरं वाटलं हे कबूल करायला हवं.

दुसरा ग्रुप

दुसऱ्या दिवशी मी फरकाचं कारण चार ओळींत टाकलं. आकडे नाहीत, तारखा नाहीत, "भाडेवाढीमुळे" एवढंच. खाली अंगठे उमटले. ते मला पटल्याची खूण वाटले. माणसाला बोलायची सोय नसेल तर तो अंगठ्याशिवाय देणार तरी काय?

त्याच दुपारी दुसरा ग्रुप झाला. 'लडाख फॅमिली'. ग्रुपात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, तेव्हा नवा ग्रुप करायला पाच मिनिटं पुरतात. आठवड्यात त्यात १९ माणसं झाली. मी पुढे तो सगळा वाचला. लेहमध्येच, नाशिक रोडच्या काकूंनी स्वतःहून फोन हातात दिला तेव्हा. वाचण्याआधी वाटलं होतं की आत तक्रारी असतील. तक्रारी दहा-बारा मेसेजांपुरत्या होत्या. बाकी सगळी सहलच तिथे चालली होती. भाजणी कोण घेणार, चिवडा किती किलो, पाथर्डी फाट्याच्या सूनबाईंनी उघडून दाखवलेली बॅग, कोणाच्या गुडघ्याला कुठला पट्टा. माझ्या ग्रुपात फलकावर लावाव्यात तशा सूचना होत्या, आणि माणसं शेजारच्या खोलीत जाऊन बसली होती.

त्याच खोलीत आजारपणाचे सल्लेही चालले होते. डायमॉक्स म्हणजे ॲसेटाझोलामाइड. उंचीच्या त्रासासाठी ही गोळी देतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर खासच. तिथे मात्र "माझ्या मेव्हण्याला अर्धी पुरली" एवढ्यावर ती ठरत होती. कापराची पुडी हुंगली की काही होत नाही, असंही होतं. आणि एक मेसेज मला अजून तोंडपाठ आहे : "पहिले दोन दिवस आराम म्हणजे कंपनीचा गाडीखर्च वाचवायचा धंदा. रेटचं जसं गोलमाल सांगितलं तसंच हे."

या प्रकरणाची गाठ मला तिथे सापडली. पैशाचं नीट सांगितलं नाही म्हणून माणसांनी आरामाचंही खरं धरलं नाही. एका बाबतीतला अविश्वास एवढ्याशा वाटेने दुसऱ्या बाबतीत गेला, आणि दुसरी बाब जिवाची होती. समोर कोणी असं म्हणालं असतं तर मी उत्तर दिलं असतं. पण ते म्हणायला समोर जागाच नव्हती, मीच ती बंद केली होती.

आणखी एक गोष्ट त्या ग्रुपामुळे कळली. इंदिरानगरच्या काकूंना एक सहप्रवासी रात्री अकरानंतर "झोपलात का" असे मेसेज करत होता. नंबर ग्रुपातूनच मिळालेला. काकूंनी ते पंचवटीच्या मावशींना सांगितलं, मला नाही. माझ्याशी बोलणं म्हणजे कार्यालयाशी बोलणं, असं त्यांना वाटायला लागलं होतं. मावशींनी त्या गृहस्थांना स्वतः फोन करून गप्प केलं. मला हे महिन्याभराने कळावं याची लाज वाटली.

पायऱ्या

नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात तिथे सोडतं, शरीराला कळायच्या आत. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणजे दर श्वासात ऑक्सिजन सुमारे एक तृतीयांश कमी. गोम अशी की त्रास लगेच होत नाही. सहा ते बारा तासांनी डोकं दुखायला लागतं, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दुपारी माणसाला एकदम ठणठणीत वाटतं. "मला तर काहीच होत नाहीये" हे वाक्य मी प्रत्येक लडाख सहलीत पहिल्या दुपारी ऐकलं आहे.

त्यात फोनची तऱ्हा. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत, फक्त पोस्टपेड चालतात. आमच्या २८ जणांत पोस्टपेड अकरा. बाकीच्यांना हॉटेलचं वायफाय, आणि हॉटेलचं दार ओलांडलं की फोन नुसता घड्याळ.

दुपारी ३.२० ला वायफायवरून 'लडाख फॅमिली'त मेसेज पडला : "खोलीत कंटाळा आलाय. टॅक्सी सांगितली आहे, शांतिस्तूपावरून सूर्यास्त. कोण कोण?" सहा जण निघाले. स्तूपापर्यंत गाडीरस्ता जातो. पण चांस्पाच्या बाजूने पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, आणि नाशिक रोडचे काका म्हणाले मी पायऱ्यांनी येतो. वय ६७, रक्तदाबाची गोळी चालू, रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारा माणूस. नाशिकमध्ये ते पांडवलेणी न थांबता चढतात. त्याच हिशेबाने त्यांनी पाय टाकला.

मी फोन लावायला घेतले तेव्हा सहापैकी एकीचाच फोन लागला, पाथर्डी फाट्याच्या सूनबाईंचा, कारण त्यांचं पोस्टपेड होतं. "ताई, काका वर पोहोचलेत, पण उठत नाहीयेत. उलटी झाली." ड्रायव्हरला घेऊन, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेऊन मी रस्त्याने वर गेले. काका कठड्याला टेकून बसले होते, ओठ निळसर, आणि मला बघताच म्हणाले, "बाळा, रागावू नकोस." बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ७२. त्या उंचीवर नव्वदच्या आसपास असला तरी आम्ही निश्चिंत असतो. रात्रभर ते रुग्णालयात ऑक्सिजनवर होते. सकाळी बरे होते, पण डॉक्टरांनी लेहच्या वर जायला साफ मनाई केली. खार्दुंग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर, पँगाँग सरोवर ४,२०० च्या वर. काकांनी आयुष्यभर पँगाँगचा फोटो घरच्या कॅलेंडरवर पाहिला होता. ते आणि काकू पाच दिवस लेहच्या खोलीत राहिले, बाकी सगळे जाऊन आले.

ग्रुप उघडला त्या रात्री

रुग्णालयाच्या बाकावर बसून १०.५० ला मी कुलूप काढलं. जे लिहिलं ते जसंच्या तसं देते : "काका रुग्णालयात आहेत, ऑक्सिजन लावला आहे, बोलत आहेत. काकू सोबत आहेत. ग्रुप बंद करायला नको होता, ती माझी चूक. रेटच्या फरकाचे सगळे आकडे सकाळी नाश्त्याला कागदावर दाखवते. आता इथे सगळ्यांनी बोलावं. ज्याचं डोकं दुखतंय त्याने आत्ता सांगावं, किती वाजले आहेत ते बघू नये."

पहिलं उत्तर सिडकोच्या दादांचं : "ताई, स्तूपाचा मेसेज मी टाकला होता." त्यापाठोपाठ तिघांनी डोकं दुखत असल्याचं लिहिलं. त्यातल्या एकीला दुपारपासूनच दुखत होतं. मी लगेच हॉटेलवर फोन करून तिघांच्या खोल्यांत माणूस पाठवला.

सकाळी नाश्त्याला मी वहीच्या मधल्या दुहेरी पानावर तक्ता काढला. नाव नाही, फक्त पैसे भरल्याची तारीख, तिकिटाची तारीख, रेल्वेचं भाडं, विमानाचं भाडं. बारा मिनिटं लागली. सिडकोच्या दादांनी दोनदा बेरीज तपासली आणि "हे त्या रात्री टाकलं असतं तर" एवढंच म्हणाले. सगळं गोड झालं असं मात्र नाही. कॉलेज रोडच्या एका गृहस्थांचं म्हणणं असं, की फरक पडणार हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं, आणि ते बरोबर आहे. कार्यालयाने त्यांना काही परत दिलं नाही. ते ग्रुपात अजून आहेत, पण आमच्या सहलीला पुन्हा आले नाहीत.

आता कसं करते

या धंद्यातले बरेच जण आजही सांगतात, ग्रुप पहिल्या दिवसापासून बंदच ठेवा, कटकट नको. हजार-हजार माणसांचा पसारा असलेल्या कंपन्यांना ते परवडत असेल. तीस माणसं पंधरा दिवस एका गाडीत राहणार असतील तर नाही. कटकट होणारच असते, ती माझ्यासमोर व्हावी एवढंच माझ्या हातात आहे.

सूचनांसाठी मी आता वेगळी जागा ठेवते. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीत, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र बांधायच्या सोयीत, सूचनांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गप्पांचा ग्रुप त्याला जोडलेला, आणि त्यात यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. एकट्या बायकांना हे मी फोन करून समजावून सांगते. पैशाचा तक्ता पहिल्याच दिवशी सूचनांत जातो, तारखांसकट. आणि गप्पांच्या ग्रुपात माझ्याबरोबर प्रवाशांतलंच एक माणूस ॲडमिन असतं, शक्यतो थोरल्या मावशींसारखं, ज्यांना लोक मनातलं सांगतात.

पण सगळ्यात कामाची निघाली ती वही. लडाखमध्ये फोनवर भिस्त ठेवून चालत नाही, म्हणून आता प्रत्येकाला एक जोडीदार असतो, नवरा-बायको सोडून. सकाळ-संध्याकाळ जोडीदाराने जोडीदाराची हजेरी सांगायची, तोंडाने, माझ्या वहीत खूण होईपर्यंत. शाळेसारखं वाटतं अशी तक्रार येते. येऊ दे.

'लडाख फॅमिली' पुढे आपोआप ओस पडला. 'जुले नाशिक' अजून चालू आहे. त्या वर्षी कोजागरी २८ ऑक्टोबरला आली आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. पंचवटीच्या बहिणींच्या गच्चीवर दूध आटवायचं ठरलं होतं. वेध पाळायचे की नाही यावरून ग्रुपात दोन दिवस चांगली जुंपली. मी एकदाही कुलपाकडे बोट नेलं नाही. शेवटी थोरल्या मावशींनी मतदान लावलं, दुसऱ्या दिवसाच्या बाजूने १७ मतं पडली, आणि ज्यांचं मत दुसरं होतं तेही दुसऱ्या दिवशी पेला घेऊन आले.

२०२४ च्या जूनची लडाख सहल आम्ही विमानाने थेट लेहला नेली नाही. श्रीनगर, मग २,७०० मीटरच्या आसपास असलेलं कारगिल, मग लेह, असे टप्पे घेत शरीराला वेळ देत गेलो. त्या ग्रुपात पहिल्या आठवड्यात एकाने विचारलंच, एवढे दिवस रस्त्यात कशाला घालवायचे, विमान आहे की. मी उत्तर लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात नाशिक रोडच्या काकांची व्हॉइस नोट आली, दीड मिनिटाची, मागे पहाटेच्या पक्ष्यांचा आवाज :

"नमस्कार मंडळी. मी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढलेला माणूस. चढताना मला काहीही झालं नव्हतं, हे नीट ऐका. झालं ते वर गेल्यावर. ताईंनी आदल्या वर्षी सांगितलं होतं ते मी ऐकलं नाही, आणि कुठे जातोय तेही सांगितलं नाही. डॉक्टरांना विचारून यंदा पुन्हा येतोय, सौभाग्यवतींसह. माझा जोडीदार कोण ते ताई ठरवतील. त्याला एक विनंती, मी जिन्याकडे वळलो तर आवाज द्यायचा."